माती भाजण्याचा विनोद

८ फेब्रुवारी

मोजपट्टी,

अक्षर पाहून दचकू नकोस. माझा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये आहे. आयुष्यभर शाळेत पोरांना कसरती शिकवल्या, पडताना अंग कसं दुमडायचं ते शिकवलं, आणि स्वतः पडले ते पडदा लावताना स्टुलावरून. तेही सरळ हातावर. कोणी पाहिलं नाही, एवढंच नशीब. (मी पाहिलं. खिडकी उघडी होती. लेखनिक.)

लिहून घेतायत ते शेजारचे घड्याळजी. दुकान मुलाच्या हाती दिल्यापासून त्यांना उद्योग नाही, अक्षर मात्र मोत्यासारखं, म्हणून त्यांना बसवलंय. त्याच पडण्यात माझा चष्माही फुटला, त्यामुळे काय लिहितात ते मला वाचता येत नाही. मी सांगेन ते शब्दाला शब्द लिहायचं आणि मजकुरात स्वतःचं डोकं चालवायचं नाही, असं ठरलंय. (कंसाबद्दल काहीच ठरलेलं नाही.)

आता कामाचं. आमच्या सामाईक मळ्यातला माझा वाफा तू पाहिलायस, भिंतीलगतचा, दिवसभर उन्हाचा. मेच्या शेवटच्या दिवशी समिती पाहणीला येते आणि ज्याच्या वाफ्यात लागवड नाही त्याचा वाफा काढून घेते. देते कोणाला? लगतच्या वाफेवाल्याला. माझ्या लगतचं कोण? जे आत्ता मान खाली घालून लिहितायत ते. त्यांच्या वाफ्यावर गोदामाची सावली पडते आणि माझ्या उन्हावर त्यांचा कधीपासून डोळा आहे. (डोळा नाही. मत आहे.)

वाफा गेला तर एक वेळ सोसेन. पण त्याच्याबरोबर गाठोडं जाईल. गाठोडं म्हणजे माझा टोमॅटो. वेडावाकडा, सुरकुतलेला, घाईत बांधलेल्या बोचक्यासारखा. बाजारात कोणी फुकट घेणार नाही, आणि एकदा खाल्ला की बाजारातला कोणी खाणार नाही. तुझी आजी लावायची, मग मी. हे बी दुसऱ्या कोणाकडे नाही. यंदा बियांच्या बरणीचं झाकण माझ्या हातून उघडं राहिलं आणि उंदरांनी फडशा पाडला. वाचलं ते सगळं या पुडीत आहे.

एका हाताने मला रोपं करता येत नाहीत. तू कर. थंडी जाईपर्यंत बाहेर पेरून उपयोग नाही, म्हणून आत्ताच घरात, खिडकीशी, ट्रेमध्ये पेर आणि मेमध्ये रोपं घेऊन ये. माझ्या वाफ्यातली डबाभर माती पाठवतेय. विकतच्या मातीत तिचं विरजण लाव, प्रत्येक कप्प्यात चमचाभर. गाठोड्याला ओळखीची माती लागते. (इथे बाईंनी माती भाजण्याबद्दल एक विनोद सांगितला. पत्राचा विषय गंभीर असल्यामुळे गाळला आहे.)

जमेल ना? नाही म्हणू नकोस, पुडी पाकिटात घालून झाली.

आत्या

१९ फेब्रुवारी

आत्या,

पुडी आणि डबा मिळाला. पडण्याची हकिकत कळली, हाताची नाही. डॉक्टर काय म्हणाले ते लिही.

मला झाडांतलं काही कळत नाही, हे आधीच सांगून ठेवते. माझं काम थर्मामीटर तपासण्याचं. लोकांचे थर्मामीटर खरं बोलतात का ते पाहायचं, आणि बोलत नसतील तर तसं सही करून कळवायचं. रोपं त्याहून अवघड असतील असं मानायला कारण दिसत नाही.

खोलीला खिडकी एकच. टेबल तिथे सरकवलं. जेवण आता पलंगावर. एका कप्प्यात एक बी, नखाएवढं खोल. तुझी माती चमचा सपाट करून घातली. चमचा शिगोशीग की सपाट, ते तू लिहिलं नव्हतंस. काचेपासून लांबच्या कप्प्यांवर अन्याय नको म्हणून ट्रे रोज फिरवते. वर दिवा आहे, बाजूला लहान पंखा आहे, मातीत थर्मामीटर आहे. खोली गारच असते, पण थर्मामीटर खरं बोलतो.

अडचण एकच आली. ट्रेखालून गळलेलं पाणी फळ्यांच्या फटीतून खालच्या मजल्यावर गेलं. तिथे एक जण कवळ्या बनवतो. तो वर आला तेव्हा हातात प्लास्टरचा ओला जबडा होता. म्हणाला, "हे एका बाईंचे दात आहेत. शनिवारी त्यांना भाषण करायचंय." मी माफी मागितली आणि ट्रेखाली ताटली ठेवली. विषय मिटला.

घड्याळजींना सांग, विनोद गाळल्याबद्दल मी आभारी आहे.

भाची

२७ फेब्रुवारी

मोजपट्टी,

हात बरा आहे. हाड आधी वाकडं जुळलं, म्हणून पुन्हा बसवलं. आता प्लास्टर मेपर्यंत. त्यात सांगण्यासारखं काही नाही म्हणून सांगितलं नाही. (बसवताना डॉक्टरांना जे बोलल्या ते सांगण्यासारखं नाहीच.)

कवळीवाला वयाने केवढा आहे? सहज विचारतेय. (हा प्रश्न तीन ठिकाणी घालायला सांगितला होता. एकाच ठिकाणी घातला आहे.) जबडा हातात घेऊन भांडायला येणारा माणूस सरळ असतो. वाकडा असता तर रुमालात गुंडाळून आणला असता.

पंखा कशाला लावलास? त्यांना सर्दी व्हायची. (वाऱ्याने खोड बळकट होतं, असं मी म्हटलं. पटलं नाही.)

माझं जेवणाचं म्हणशील तर घड्याळजी रोज सूप आणून ठेवतात. रंग चांगला असतो. मीठ नसतं. त्या माणसाने आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली, तरी सूप कधी वेळेवर आलं नाही. (मीठ डॉक्टरांनी कमी करायला सांगितलंय. सूप वेळेवर असतं. बाईंचं भिंतीवरचं घड्याळ पुढे आहे, आणि त्या मला ते हात लावू देत नाहीत.)

उगवलं की कळव. जीव टांगणीला लागलाय.

आत्या

(तुमचे आभार पोचले. मोठ्याने वाचले नाहीत.)

१४ मार्च

आत्या,

उगवली. अपेक्षेपेक्षा लवकर आणि अपेक्षेपेक्षा जास्त. काही कप्प्यांत एका बियेच्या जागी तीन-तीन रोपं आहेत. बी उत्तम प्रतीचं असावं. विरळणी करून प्रत्येक कप्प्यात एक ठेवलं आहे. सगळी एकसारखी: पान लांबट, खालून लालसर, खोड गुळगुळीत.

फक्त दोन कप्प्यांत उशिरा काहीतरी वेगळंच आलं. खोडावर बारीक लव, पान टोकाला निमुळतं, एकूण अंग चोरून उभी. मोजमापात असं होतं. बहुतेक आकडे एकत्र बसतात, एखाद-दुसरा भलतीकडे जातो. मग तो गाळायचा. मी ती दोन गाळली. फेकली मात्र नाहीत. आमच्याकडे नियम आहे: अहवालावर सही होईपर्यंत नाकारलेला नमुना फेकायचा नाही.

माझ्याकडे जागा नव्हती. कवळीवाला त्या दिवशी वर आलाच होता (ताटली भरून वाहिली), त्याने ती दोन्ही कागदी पेल्यांत लावून नेली. त्याच्या खिडकीखाली जबडे सुकवायची लहान भट्टी आहे, वरचा कट्टा कायम कोमट असतो. तो पेल्यांशी बोलतो. मी त्याला सांगितलं की ती नाकारलेली आहेत. तो म्हणाला, "त्यांना सांगितलंत का?"

वयाचं मी विचारलेलं नाही.

भाची

२ एप्रिल

मोजपट्टी,

तुझं पत्र घड्याळजींकडून दोनदा वाचून घेतलं. मळ्यावर जाऊन समितीच्या अध्यक्षबाईंना सांगून आले की भाची शहरात दिवा लावून गाठोडी वाढवतेय. आता मला तोंडघशी पाडू नकोस, एकदा पडलेय तेवढं पुरे.

पण ते लालसर पान काही डोळ्यांसमोर येईना. गाठोड्याचं पान खालून लाल असतं का? इतकी वर्षं हाताळलं आणि आता आठवत नाही. (मलाही आठवत नाही. मी कुंपणाच्या या बाजूला असतो.) एक कर. पान बोटांत चोळ आणि वास घे. टोमॅटोचं रोप बोटभर असलं तरी टोमॅटोचा वास सोडतं. उन्हाळाभर माझ्या हातांना दुसरा वास नसतो. (खरं आहे.)

वय विचारलं नाहीस ते ठीक. विचारण्याइतकं बोलणं चालू आहे ना?

आत्या

९ एप्रिल

आत्या,

पान चोळलं. वास नाही. नाकात दोष नको म्हणून कांदा, साबण आणि बूट पॉलिश यांवर नाक तपासून घेतलं. नाक ठीक आहे.

बाकी वाढ उत्कृष्ट. रोपं वीतभर झाली आहेत, खोडं ताठ आहेत, एकही आजारी नाही. शेंड्यांना हिरवट, खरखरीत तुरे येऊ लागले आहेत. टोमॅटोला इतक्या लवकर फुलं येतात का? माझ्या मते दिव्यामुळे सगळं वेळेआधी होत असावं आणि वास मागे पडला असावा. तुझं मत कळव.

भाची

१७ एप्रिल

मोजपट्टी

हे डाव्या हाताने. नवा चष्मा आला. तुझी पत्रं स्वतः वाचली.

टोमॅटोला तुरे येत नाहीत. ते तण आहे. माझ्याच वाफ्यातलं. जन्मभर उपटत आले त्याला. तू दिवा लावलास. पंखा घातलास.

माती भाजली नाहीस? पहिल्याच पत्रात सांगितलं होतं. जुन्या पातेल्यात घे, वाफ निघेपर्यंत भाज, गार कर, मग चमचा चमचा घाल. त्यात तणाचं बी मरतं. दर वर्षी करते.

घड्याळजींना विचारलं, लिहिलं होतंत ना? म्हणाले, तो विनोद नव्हता? म्हटलं, भाजण्यात विनोद कसला? म्हणाले, विरजण कोणी भाजतं का?

इतकी वर्षं मळ्यात आहेत. म्हणे कळलं नाही. ऊन हवंय त्यांना. मी दार लावून घेतलं. सूप पायरीवर ठेवून गेले. खाल्लं नाही.

बी संपलं. गाठोडं गेलं. तुझा दोष नाही. थोडा आहे.

आत्या

२१ एप्रिल

आत्या,

आधी घड्याळजींचं, कारण ते थोडक्यात संपेल.

तुझी पत्रं सोबत परत पाठवतेय. त्यांत जागोजागी कंस आहेत आणि ते तुला कधी वाचून दाखवले गेले नाहीत, असं दिसतं. पहिल्या पत्राचा शेवट पाहा. माती भाजण्याचा विनोद गाळला आहे, असं त्यांनी स्वतःच लिहिलंय. ज्याला लपवायचं असतं तो लपवल्याची जागा दाखवत नाही. शिवाय त्यांचा प्रश्न बरोबर आहे. विरजण कोणीही भाजत नाही. तू दोन वेगळ्या गोष्टी एका शब्दात कोंबल्यास. आणि विनोद कोणता होता, हे मी विचारायला हवं होतं. मी उलट आभार मानले. दोष वाटायचा तर तिघांत वाट.

आता महत्त्वाचं. मी बहुमताला टोमॅटो धरलं आणि जे बहुमतात नाही ते गाळलं. बहुमत तणाचं होतं. मग गाळलेलं काय होतं, हा प्रश्न तुझं पत्र वाचून संपायच्या आत पडला आणि मी खाली गेले.

कवळीवाल्याच्या कट्ट्यावर, दोन जबड्यांच्या मधे, ती दोन्ही आहेत. पेले बदलून त्याने त्यांना डबे दिलेत. माझ्या गार खोलीत बाकीचं बी बहुधा कुजलं. ही दोन भट्टीच्या उबेला वाढली. गुडघ्याला लागतील एवढी आहेत. मी एक पान चोळलं.

वासाचं वर्णन मला करता येत नाही. लहानपणी सुट्टीत तुझ्याकडे यायचे आणि ताप आला की तू कपाळावर हात ठेवायचीस, तो वास. मी तिथे जरुरीपेक्षा जरा जास्त वेळ बोटं नाकाशी धरून उभी राहिले. कवळीवाल्याने विचारलं, "दाढ दुखतेय का?" मी हो म्हटलं. सोपं होतं.

भाची

२५ एप्रिल

मोजपट्टी

पत्र उशाशी ठेवलंय.

दोन रोपं बियाण्याला पुरतील. वाफ्याला नाही. समितीला अर्ध्याहून जास्त वाफा भरलेला लागतो. अध्यक्षबाई मोजून पाहतात. पूर्वी ग्रंथालयात होत्या.

तण फेकलंस का? फेकू नकोस. तुझा नियम आहे ना. ट्रे जसा आहे तसा घेऊन ये.

कवळीवाल्यालाही आण. गाठोडी दोन आणि ट्रे एक, तुझे हात दोनच.

कंस वाचले. सगळे. एक होता, हातांच्या वासाचा, तो दोनदा वाचला. दार उघडलं. म्हटलं, या आत, वारा येतोय.

सूप खाल्लं. मीठ नाहीच.

आत्या

१ जून

मोजपट्टी,

आज पुन्हा मोत्याचं अक्षर, कारण सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

तुम्ही दोघं लागवड करून गेलात त्यानंतर चार दिवस मी त्या तणाला पाणी घालत होते. ज्याला पाहिलं की हात शिवशिवतो, त्याला झारीने पाणी. शेजारपाजारचे वाफेवाले येऊन बघून जात होते. तू दोरी धरून लावलेल्या त्या ओळी, सारखं अंतर, आणि प्रत्येक रोपापुढे काडीवर खोचलेली ती चिठ्ठी, "नमुना". मळ्यात असा वाफा कोणी पाहिला नव्हता. तुझ्या कवळीवाल्याने गाठोड्यांना आधाराच्या काठ्या बांधल्या त्या गाठीही बघून गेले. (दात बांधायच्या तारेने बांधल्या आहेत. भक्कम आहेत.)

काल समिती आली. अध्यक्षबाई एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या. गाठोडी त्यांना कळली. मग बाकीच्या ओळींपाशी थांबल्या. "हे कुठलं पीक?"

मी म्हटलं, "भाचीने शहरातून आणलंय." खोटं एक अक्षर नाही.

त्या म्हणाल्या, "ओळखीचं वाटतंय."

मग नियमाप्रमाणे त्या वळल्या लगतच्या वाफेवाल्याकडे, म्हणाल्या, "वाफा गेला तर तुम्हाला जाईल. तुमची काही हरकत?"

हे हळूच खिशातून भिंग काढून डोळ्याला लावतात, खाली वाकतात, आणि एक पान उलटं-सुलटं करून बघतात, जसं काही कोणाचं बंद पडलेलं घड्याळ आलंय. ते तण त्यांच्या वाफ्यात ढोपरभर आहे. त्यांना न ओळखता येईल? मी मनात म्हटलं, झालं. ऊन गेलं, गाठोडं गेलं. आता हे तोंड उघडणार. (तोंड उघडलंच.)

म्हणाले, "इतकं नीटनेटकं पीक या मळ्यात मी आजवर पाहिलेलं नाही." (शब्दशः खरं आहे.)

अध्यक्षबाईंनी वाफा कायम केला आणि जाताना विचारलं, एखादं रोप मिळेल का. मी जड मनाने दिलं. आता त्यांच्या वाफ्यात दिमाखात उभं आहे. पुढच्या वर्षी मळाभर होईल आणि बोल तुला लागेल.

त्या फाटकाबाहेर गेल्या आणि मी खाली बसून सगळं तण उपटलं. उजव्या हाताने. प्लास्टर निघाल्यापासून इतकं सुख झालं नव्हतं. घड्याळजी दुसऱ्या टोकापासून उपटत आले. मधे भेटलो तेव्हा म्हटलं, "तुम्हाला ऊन हवं होतं ना?" ते म्हणाले, "इथे बसलं की मिळतंच की."

आत्या

(शेवटचं वाक्य मी गाळणार होतो. बाई कागदावर लक्ष ठेवून आहेत.)

९ जून

आत्या,

वाफा राहिला, बरं झालं. अध्यक्षबाईंच्या रोपाची जबाबदारी मी घेत नाही.

दोन निरीक्षणं. पहिलं: प्लास्टर निघालं, उजवा हात तण उपटण्याइतका बरा झाला, तरी अक्षर घड्याळजींचंच आहे. कारण मी विचारत नाही. दुसरं: येताना बसमध्ये कवळीवाल्याने ट्रे मांडीवर घेतला होता आणि जाताना ट्रे नव्हता तरी तो शेजारीच बसला. कारण तू विचारू नयेस.

वय त्याने आपणहून सांगितलं. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा.

भाची

२२ सप्टेंबर

मोजपट्टी,

गाठोडी आली. दोन्ही झाडं काठ्यांसकट वाकली. पहिलं फळ नेहमीसारखं भयंकर दिसत होतं. अर्धं मी खाल्लं, अर्धं कुंपणावरून दिलं. (मीठ लावून. डॉक्टरांना कळवलेलं नाही.) आता कुंपणही काढून टाकतोय, दर वेळी वाकून द्यायचं म्हणजे माझी कंबर जाते.

बी यंदा दोन बरण्यांत आहे. एक माझ्याकडे, एक त्यांच्याकडे. उंदीर येऊन येऊन किती घरी येणार? तिसरा वाटा या पुडीत आहे. जागेची अडचण सांगू नकोस. तुमच्या दोघांत आता खिडक्या दोन आहेत, आणि एकीखाली भट्टी आहे.

पेरणी फेब्रुवारीत. खोलीत गार असेल तर ट्रे खाली ने. वेगळं दिसेल ते उपटू नकोस, आधी वास घे. वाफ्यातली माती डब्यात भरून दिलीय. वापरण्याआधी भाजून घे.

(हा विनोद नाही. लेखनिक.)